हेड कोच नावाची नोकरी



३० सप्टेंबर २०२३. चीनमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धा चालू होत्या. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा पहिला सेट २-६ हरले, दुसरा ६-३ने काढला, सुपर टायब्रेक १०-४ मारला आणि मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. दुसऱ्याच दिवशी आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी बीडमध्ये कुणाचे स्टेटस पडले हे सांगायला नकोच! ऋतुजा मात्र आपल्याकडे फारशी कुणाला आठवली नाही. आणि ती आहे श्रीरामपूरची, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातली.

या दोघांच्या मेडलवर बोलून झालंय. मला आज त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांच्या पगाराबद्दल बोलायचंय. हो, पगाराबद्दलच.

अविनाश महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि आधी क्रॉस कंट्री पळायचा. त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते आर्मीचे कोच अमरिश कुमार यांनी. पोरं हुडकणं, त्यांना घडवणं हेच त्यांचं काम, आणि त्याचा पगार संस्था देते. ऋतुजा पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे खेळली, पण मधली काही वर्षं ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत होती आणि त्यांच्या मुलींच्या टीममधून खेळत होती. तिथे टीमला हेड कोच असतो. फक्त मुलींच्या टेनिसचा. बाकी कुठलाही खेळ त्याच्या गळ्यात नाही.

आपल्याकडे कसं असतं? कॉलेजात एक स्पोर्ट्सचे सर. कागदावर शारीरिक शिक्षण संचालक. कबड्डी तेच, खो-खो तेच, बुद्धिबळ तेच, २६ जानेवारीचं संचलनही तेच. मी बी.टेक. केलं त्या कॉलेजात टेनिस कोर्ट होतं, पण चार वर्षांत त्यावर मी गॅदरिंगचा मांडव जास्त वेळा पाहिला. सरांना दोष देत नाही. एक माणूस वीस खेळ शिकवू शकत नाही.

आता तिथला हेड कोच दिवसभर करतो काय? कॉलेजची लढत सात पॉइंटची. दुहेरीचे तीन सामने मिळून एकच पॉइंट, एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक. आधी चार झाले की जिंकलात. सहा कोर्टांवर एकाच वेळी एकेरी चालू असते आणि कोच कोर्टवर जाऊन खेळाडूशी बोलू शकतो. म्हणजे कुठल्या कोर्टवर आत्ता जायचं, कुणाला एकटं सोडायचं, हा निर्णय दर पाच मिनिटाला. (आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये सहा सर्व्हर एकदम बोंबलतात, तसं समजा.)

पण ही झाली सामन्याची बाजू. खरं काम वर्षभर चालतं: जगभरच्या ज्युनिअर मुली पाहणं, घरच्यांशी बोलणं, स्कॉलरशिप कुणाला द्यायची ते ठरवणं, मग त्यांचे मार्क घसरत नाहीत ना ते बघणं. २०२५ पर्यंत पहिल्या डिव्हिजनमध्ये मुलींच्या टेनिस टीमला आठ पूर्ण स्कॉलरशिप होत्या आणि मुलांना साडेचार. उलटं वाटतं ना? मुलांच्या बऱ्याच स्कॉलरशिप अमेरिकन फुटबॉल खातो, आणि १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला मुलामुलींत भेदभाव करता येत नाही. मग हिशोब दुसरीकडे जुळवावा लागतो.

हा कोच होतो कसा? साधारण एक शिडी असते. आधी स्वतः खेळायचं, मग असिस्टंट, मग हेड. ए अँड एममध्ये २०१५ला हॉवर्ड जोफी टेक्सास विद्यापीठात गेले आणि त्यांच्या हाताखालचे मार्क वीव्हर हेड कोच झाले. जोफींनी नव्या जागी २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. वीव्हरना पहिलं मिळालं २०२४ला, जॉर्जियाला ४-१ हरवून. नऊ वर्षं लागली. नऊ वर्षं एका माणसाला एकाच खेळावर पगार देत थांबायला संस्थेकडे धीर लागतो.

माझी आवडती मात्र लेली फोरूड. स्टॅनफर्डकडून खेळली, प्रोफेशनल झाली, परत येऊन त्याच टीमची असिस्टंट. दहा वर्षांहून जास्त काळ दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, २०००मध्ये हेड कोच झाली आणि पुढे दहा राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातलं २०१३चं तर जोफींच्या ए अँड एमलाच ४-३ने हरवून, आणि तेही बाराव्या सीडवरून.

ती आवडती असण्याचं कारण आहे. १९७२च्या आधी अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या टीमना नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणी बाईच कोच होती. बहुतेकींना पैसे नाहीत किंवा नावापुरते. कायदा आला, पैसा आला, पदाला मान आला, आणि पुरुष अर्ज करायला लागले. आज मुलींच्या निम्म्याहून कमी टीमना बाई कोच आहे. मुली खेळायला लागल्या, कोचची खुर्ची मात्र हातची गेली. टायटल नाइनचं कौतुक करताना हे कुणी सांगत नाही.

हे मी उगाच वाचत बसलो नव्हतो. माझी आतेबहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, खो-खोत युनिव्हर्सिटी कलर आहे, आणि तिला बी.पी.एड. करून कोच व्हायचंय. आत्या मला फोनवर म्हणाली, "तू शिकलेला हाईस, सांग बरं, कोच म्हंजी नोकरी असती का?" मी टेक्सासचं सांगायला लागलो. आत्या म्हणाली, "बीडात असती का, ते सांग."

बीडात, खरं सांगायचं तर, बी.पी.एड.वर शाळेतली क्रीडा शिक्षकाची जागा, तीही भरती निघेल तेव्हा. कॉलेजच्या जागेला पुढे एम.पी.एड. आणि नेट-सेट. एका खेळाचा कोच व्हायचं तर पतियाळाच्या एन.आय.एस.चा डिप्लोमा. नाहीतर खासगी अकॅडमी, आणि तिथे फी देणारे पालक लागतात. म्हणून टेनिसचे कोच पुण्या-मुंबईत आहेत. अंकिता रैना अहमदाबादची, तीही बेंद्रे सरांकडे खेळायला पुण्यालाच आली. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. खेळ शिकवणाऱ्याला कॉलेजात एका खेळाची खुर्ची नाही.

आत्याला मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, फॉर्मची फी किती? बी.पी.एड.च्या सीईटीत लेखीबरोबर मैदानी चाचणीही असते, तर बहीण आता पहाटे पळतेय. तुमच्यापैकी कुणी मराठवाड्यात मुलींना एकच खेळ शिकवून घर चालवत असेल, तर मला मेसेज करा. पुढच्या एपिसोडला तुम्हाला बोलवायचंय, आणि पहिला प्रश्न आत्या विचारणार आहे.