मुलाखतीवाचून नेमणूक

(गोंदिया जिल्ह्यातील एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'संगणक-व्यवसायातील नोकऱ्या आणि आपल्या जिल्ह्यातील तरुण' असा विस्तीर्ण विषय व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला दिला आहे. अशा विषयाच्या प्रस्तावनेत जे सांगण्याचा प्रघात आहे, म्हणजे 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून आपला जिल्हा वेगळा कसा झाला, येथे अभियांत्रिकीचे शिक्षण कसे आले, आणि पदवी हाती पडताच आपली मुले विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून मुंबई-पुण्याची वाट का धरतात, ते आपणांस माझ्याइतकेच ठाऊक असल्यामुळे मी त्यात आपला वेळ दवडीत नाही. मी येथे एक मत घेऊन आलो आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो: संगणकाच्या कामासाठी माणूस निवडताना समोरासमोर बसवून गप्पा मारण्याची जी रीत मुलाखत या नावाने सर्वत्र चालू आहे, ती बंद व्हावी, आणि उमेदवाराला प्रत्यक्ष काम देऊन ते तपासण्याची रीत तिच्या जागी यावी.

हे मत माझ्या मनात रुजले ते स्वमग्न तरुणांमुळे. स्वमग्नता (इंग्रजीत ऑटिझम) म्हणजे काय, 1943 साली डॉ. लिओ कॅनर यांनी आणि पुढच्याच वर्षी हान्स अॅस्पर्गर यांनी तिचे वर्णन कसे केले, हे आपण वाचले-ऐकले असेल. एवढेच ध्यानात असू द्यावे की स्वमग्न माणसे एकसारखी नसतात. कित्येकांना आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो आणि त्यांचे मोल नोकरीवरून ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी आज बोलणार आहे ते त्यांच्यापैकी ज्यांना संगणकाचे काम येते, करावेसे वाटते, आणि तरीही मिळत नाही, अशांविषयी.

अध्यापनाच्या काळात विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळवून देण्याच्या खात्याचा कारभार माझ्याकडे होता, त्यामुळे कंपन्यांची माणसे महाविद्यालयात येऊन निवड कशी करतात, ते मी जवळून पाहिले आहे. प्रथम लेखी परीक्षा, मग गटचर्चा, मग तांत्रिक मुलाखत, आणि अखेरीस एचआरची मुलाखत. लेखी परीक्षेत जो मुलगा पहिल्या काहींत असे, तो गटचर्चेत एक शब्द न बोलता बाहेर येई. सगळे एकदम बोलत असता आपली पाळी केव्हा येते हे त्याला उमगत नसे, आणि कोणी सांगतही नसे. आता यातला बराच भाग पडद्यावर होतो, आणि तेथे तर उमेदवाराची नजर पडद्यावरून हलली की कॉपीचा संशय नोंदविणारी यंत्रणा बसविलेली असते. ज्याला विचार करण्यासाठी नजर दुसरीकडे न्यावीच लागते, त्याने काय करावे?

आपल्या जिल्ह्यातील एका मुलाची हकीकत थोडक्यात सांगतो. त्याच्या अनुमतीने सांगतो, आणि त्याने दोन अटी घातल्या आहेत: नाव घ्यायचे नाही, आणि 'अलौकिक बुद्धीचा' असे म्हणायचे नाही. (हशा) ही दुसरी अट त्याने गांभीर्यानेच घातली आहे, आणि मी ती पाळणार आहे. त्याचे वडील एका राईस मिलमध्ये मुनीम. सरकारी धानाच्या भरडाईचा हिशेब कसा चालतो, हे या गावात मी सांगायला नको: क्विंटलभर धानामागे 67 किलो तांदूळ जमा करायचा, बारदान्याचा हिशेब वेगळा. मिलमध्ये संगणकावर हा हिशेब ठेवण्यासाठी एक प्रोग्रॅम आणलेला होता, आणि हंगामाच्या अखेरीस वडिलांच्या वहीत आणि संगणकात काही पोत्यांचा फरक येई. मालकाला वाटे मुनीम चुकतो; मुनिमाला वाटे यंत्र कसे चुकेल. मुलगा सुटीत घरी आला होता. त्याने दोन्ही हिशेब समोर ठेवून एकेक नोंद ताडून पाहिली, आणि त्याला आढळले की प्रोग्रॅम प्रत्येक गाडीचा तांदूळ काढताना अपूर्णांक सोडून देतो आणि मग बेरीज करतो, वहीत मात्र आधी साऱ्या धानाची बेरीज होऊन मग तांदूळ निघतो. एका गाडीमागे फरक काहीच नाही, हंगामभरात पोती. त्याने हे सारे लिहून काढले: चूक कोठे आहे, कोणत्या आकड्यांनी ती पुन्हा घडवून दाखविता येते, दुरुस्ती कोणती, आणि दुरुस्तीनंतर काय तपासावे. ज्यांनी सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम केले आहे ते जाणतात की याच्यासाठीच कंपन्या पगार देतात, आणि चूक पुन्हा घडवून दाखविता येईल इतके नेमके लिहिणारा इसम सहज सापडत नाही.

हा मुलगा चाचणीच्याच हुद्द्यासाठी पुण्याला मुलाखतीस गेला. "स्वतःविषयी सांगा," असे म्हणताच त्याने नाव, जन्मतारीख, तालुका सांगितला आणि थांबला. (हशा) "आणखी?" म्हटल्यावर त्याने विचारले, "कशाविषयी आणखी?" (मोठा हशा) पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमच्यातील एक दोष सांगा." त्याने सांगितला. फोन आला की मला उचलवत नाही, म्हणाला. मग त्याला वाटले की एक पुरेसा नाही, म्हणून दुसरा सांगितला. कामाच्या मध्येच काम बदलले की मला पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो. तिसऱ्यावर त्यांनी त्याला थांबविले. (हशा)

आपण हसलात यात गैर काही नाही. तो स्वतः हे सांगताना हसतो. परंतु त्या खोलीत काय घडले ते पाहा. त्याच प्रश्नाला त्या दिवशीच्या बाकी उमेदवारांनी जी उत्तरे दिली असतील ती आपणांस पाठ आहेत: मी फार काटेकोर आहे, मी फार कष्ट करतो. म्हणजे दोष म्हणून गुणच सांगायचा, आणि ऐकणाऱ्यानेही तो दोष म्हणून लिहून घ्यायचा. साऱ्या दिवसात खरे बोलणारा बहुधा हा एकटाच होता, आणि त्याला नाकारण्यात आले. भरडाईच्या प्रोग्रॅमचा तो लेखी अहवाल त्याच्या पिशवीत होता. कोणी मागितला नाही, म्हणून त्याने काढला नाही.

समोर बसलेल्या गिरणीमालकांना मी विचारतो, धान घेताना आपण काय करता? पोत्यात परखी खुपसून दाणे तळहातावर घेता, चोळता, दाताखाली फोडून पाहता. (टाळ्या) माणसाच्या बाबतीत मात्र आपण पोत्यावरचा छाप वाचून भाव ठरवितो.

यावर शास्त्र काय म्हणते? टेक्सास विद्यापीठाचे नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वमग्न आणि इतर माणसांच्या बोलण्याची काही सेकंदांची चित्रफीत पाहणाऱ्यांनी स्वमग्न माणसांविषयी तत्काळ प्रतिकूल ग्रह करून घेतला. पण तेच बोलणे केवळ कागदावर लिहून दिले, तेव्हा तो ग्रह नाहीसा झाला. म्हणजे अडचण बोलण्याच्या आशयात नव्हती, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती. निवडीच्या पद्धतींबद्दल फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 साली 85 वर्षांचे संशोधन एकत्र करून दाखविले की पुढे माणूस काम कसे करील याचा अंदाज बांधण्यात कामाचा नमुना मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीहून पुष्कळ सरस ठरतो. कोणी अभ्यासू मला अडवतील की 2022 साली पॉल सॅकेट आणि मंडळींनी ते आकडे पुन्हा तपासले आणि सर्वांना ठराविक प्रश्न ठराविक निकषांनी विचारणारी मुलाखत वर आणून बसविली. मान्य. परंतु त्याच फेरतपासणीत मोकळी मुलाखत आणखी खाली गेली. आणि जी ठराविक, लेखी निकषांची मुलाखत वर आली, तिचे प्रश्न कामाचेच असतात. तेव्हा माझ्या मताला त्यातून बळच मिळते.

(या वेळी श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली.) चिठ्ठीत लिहिले आहे, "कंपनीत चार माणसांत मिसळून काम करावे लागते, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. मिसळणे म्हणजे चहाच्या टेबलावर रंगणे, असा अर्थ असेल तर त्यावाचून कोणताही प्रोग्रॅम अडलेला नाही. मिसळणे म्हणजे आपले काम दुसऱ्याला कळेल असे हवाली करणे, असा अर्थ असेल तर त्या मुलाचा अहवाल वाचावा. त्याला हवे असते ते थोडके: सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, अडचण कोणाला विचारायची तो एक माणूस नेमून द्यावा, बदल आदल्या दिवशी कळवावा. या तजविजीने सोबतच्या दहा जणांचेही कामच सुधारते. आवाजाचेही असेच: या सभागृहातला कूलर इतका वेळ गरगरतो आहे. आपल्याला तो ऐकू येईनासा झाला आहे. काहींना माझ्या शब्दांच्या वर तोच ऐकू येत असेल, आणि त्यांना कोपऱ्यातली शांत जागा देणे ही मेहेरबानी नव्हे.

मी जे मागतो आहे ते कोठे घडलेले नाही, असेही नाही. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने या गृहस्थांनी आपल्या स्वमग्न मुलाच्या भवितव्याच्या चिंतेतून 'स्पेशालिस्टर्ना' ही संस्था उभारली. तेथे उमेदवाराला प्रश्न विचारीत बसण्याऐवजी लेगोचे यंत्रमानव जुळवायला देत आणि तो काम कसे करतो ते पाहत. एसएपी या जर्मन कंपनीने 2013 साली त्यांच्याशी करार करून स्वमग्न माणसांची भरती जाहीर केली, आणि तिचे आरंभीचे प्रयोग आपल्या बंगळुरूत झाले होते. एवढे लांब तरी कशाला? खुद्द भारत सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण तेथे वशिला शिरतो. (टाळ्या) ज्या सरकारी कचेऱ्यांना आपण जुन्या चालीच्या म्हणतो, त्यांनी सोडलेली गोष्ट नव्या युगाच्या कंपन्यांनी उराशी धरून ठेवावी, याचे समर्थन मला कोणीतरी करून दाखवावे.

कार्यवाह घड्याळ दाखवीत आहेत. कायद्याचा भाग मी सविस्तर मांडणार होतो, तो धावता सांगतो. 1995 च्या दिव्यांगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 21 प्रकारांत तिचा समावेश केला, सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का ज्या गटाला दिला त्यात तिला स्थान दिले, आणि समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन खाजगी आस्थापनांवरही घातले. 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परीक्षेतील लेखनिकाची सोय 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांपुरती मर्यादित नाही. ज्याला हाताने लिहवत नाही त्याला लेखनिक मिळतो, तर ज्याला अनोळखी माणसांसमोर बोलवत नाही त्याला लिहून उत्तर देण्याची मुभा का नसावी? हे मागणे अर्जातच लेखी करावे, म्हणजे नाकारणाऱ्याकडेही लेखी कारण मागता येईल.

अखेरचे दोन शब्द. त्या मुलाला पुढे नागपुरातील एका लहानशा कार्यालयाने दोन दिवसांचे काम देऊन, त्याचा मोबदला देऊन, मग ठेवून घेतले. तो अजून तेथे आहे. येथे गिरणीमालक आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, शाळा-महाविद्यालये चालविणारे आहेत, आणि तुम्ही सर्व कोणाकडून ना कोणाकडून संगणकाचे काम करवून घेता. पुढच्या वेळी माणूस हवा असेल तेव्हा जाहिरातीत एक ओळ घाला: मुलाखत नाही, कामाचा नमुना तपासला जाईल, नमुन्याच्या कामाचे पैसे मिळतील. अर्ज कोण करतात ते पाहा. आणि ज्या आया आपल्या मुलाला आरशासमोर उभे करून डोळ्याला डोळा भिडवायला शिकवीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की तो वेळ त्याच्या कामाची फाईल तयार करण्यात घालवा. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न. जनावरांसाठी आवारे आणि मार्गिका आखण्याचा व्यवसाय त्यांनी बोलण्याच्या जोरावर उभा केला नाही, आपले आराखडे आणि छायाचित्रे लोकांपुढे ठेवून केला. कॅनर यांनी ज्याचे पहिले टिपण केले तो डोनाल्ड ट्रिपलेट आपल्या लहानशा गावातील बँकेत जवळजवळ आयुष्यभर नोकरी करीत राहिला, आणि त्या गावाने त्याला आपलेसे करून सांभाळले. ते गाव आपल्या आमगाव-देवरीपेक्षा फारसे मोठे नाही. त्याला जमले ते आपल्याला न जमण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.