निरोपाची शिदोरी

आपल्याकडे गावाला जेवढा मान, तेवढाच फाट्यालाही. हिंगोली जिल्ह्यातला, कळमनुरी तालुक्यातला वारंगा फाटाच घ्या ना. नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला रस्ता इथं दोन वाटांनी फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. गाडी थांबते, कोणी खिचडी खातो, कोणी चहा घेतो आणि आपापल्या वाटेला लागतो. फाट्यावरच्या लेकरांना माणसं जाताना बघायची सवयच असते. पण आपल्या बाकावरची मैत्रीण शाळा सोडून निघाली, की ही सवय काही कामाला येत नाही.

मी या भागातली शिक्षिका. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि सातवीतली एक मुलगी शाळा सोडणार असं कळलं. वडील टायर-पंक्चरच्या दुकानात कामाला. त्यांना उमरखेडकडे काम मिळालं आणि वर्षाच्या मधोमध घर हललं. मुलींनी लगेच निरोप समारंभाचा बेत आखला. केक, फुगे, एखादी भेटवस्तू आणि प्रत्येकी तीस रुपये वर्गणी. यादी वर्गातून फिरली. चार नावांपुढची जागा मात्र कोरीच राहिली, आणि त्या चौघी मधल्या सुट्टीत वेगळ्या खेळू लागल्या. हे सर्वांत आधी ध्यानात आलं ते जाणाऱ्या मुलीच्याच. ती म्हणाली, "बाई, वर्गणी नका काढू. ज्यांच्याकडं पैसे नाहीत, त्याच माझ्या जवळच्या आहेत."

यादी फाडली गेली आणि खरा बेत तिथून सुरू झाला.

मी मुलींना एवढंच सुचवलं, की तिला काय द्यायचं हे ठरवण्याआधी तिला भीती कशाची वाटते ते विचारा. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. पहिल्या दिवशी कोणाजवळ बसू? आणि तिथलं गणित पुढं गेलं असेल तर?

मग कामं वाटली गेली. ज्यांचं अक्षर चांगलं, त्यांनी गणिताची आणि विज्ञानाची टिपणं एका वहीत उतरवून दिली. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्यांच्या घरचे फोन नंबर लिहिले. त्या चौघींनी मिळून एक पत्र लिहिलं, तेही तिला नाही, तर नव्या शाळेत तिच्या शेजारी बसेल त्या अनोळखी मुलीला. ही पहिले दोन दिवस बोलत नाही, पण ती गर्विष्ठ नाही. खो-खोत तिला आधी घ्या. डबा उघडल्यावर तिला हाक मारा, आपणहून येणार नाही. पत्र वाचताना माझाही आवाज जरा अडखळला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं घरून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, जमेल ते आणलं. गोल करून सगळ्या जेवल्या. एकीनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. ती "जाते" म्हणाली, तर साऱ्या वर्गानं दुरुस्त केलं, "जाते नाही, येते म्हण!"

श्रोतेहो, निरोपाच्या बेतात मोठ्यांच्या वाट्याला एक काम येतं, ते म्हणजे दाखला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. पालकांनी हे ठाऊक ठेवावं. नाहीतर कागदाच्या वाटेकडं डोळे लावून लेकरू घरी बसतं, आणि घरी बसलेल्या मुलीला पुन्हा शाळेत आणणं किती अवघड, ते आम्हा शिक्षकांना विचारा.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या मराठवाड्यातून कितीतरी लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पहाटे गाडी भरते, सकाळी बाकावरची जागा रिकामी दिसते. त्यांना ना केक, ना भाषण. तेव्हा आमच्या मुलींनी ठरवलं, की असं कोणी जाणार असेल, तर आदल्या दिवशी त्यालाही वही द्यायची आणि हातावर दही-साखर ठेवायची. त्याची बाकावरची जागाही तशीच राखून ठेवायची, कारण ते लेकरू उन्हाळ्यात परत यायचं असतं.

आपल्या घरातलं मूल शाळा बदलत असेल, तर निरोपाचा बेत त्याच्या मित्रांनाच करू द्या. खर्च कमी करा, विचारपूस जास्त. आणि तुमच्या मुलाच्या वर्गात कोणी नवीन आलं, तर संध्याकाळी त्याला एवढं जरूर विचारा, "आज त्याच्याजवळ कोण बसलं होतं रे?"