तिहेरी शर्यत आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार पाहिला. त्या मुलामुलींचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु ज्यांच्या नावाचा पुकारा झाला नाही अशी कितीतरी मुले या सभागृहाच्या मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांच्या मनात या घटकेला काय चालले असेल, याचाही विचार आपण केला पाहिजे. गुणपत्रिका ही मुलाच्या कर्तृत्वाची एक मोजपट्टी आहे, एकमेव नव्हे. दुसरी एक मोजपट्टी आपणांपुढे ठेवावी, या हेतूने मी ‘ट्रायथलॉन’ हा विषय निवडला आहे.

ट्रायथलॉन म्हणजे तिहेरी शर्यत. प्रथम पोहावयाचे, पाण्याबाहेर येताच सायकलीवर बसावयाचे आणि सायकल ठेवताच धावत सुटावयाचे. मध्ये विश्रांती नाही. कपडे व बूट बदलण्यास लागणारा वेळही शर्यतीतच मोजला जातो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७४ साली या नावाची पहिली शर्यत झाली. २००० साली सिडनी येथे तिचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. तेथील अंतरे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे अशी आहेत. सोळा ते एकोणीस वर्षांच्या कुमार गटाला मात्र याच्या निम्मेच अंतर असते: ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. त्याहून लहान मुलांसाठी ते आणखी कमी ठेवतात. २०१० साली सिंगापूर येथे पहिले युवा ऑलिंपिक भरले, तेव्हा त्या सोहळ्यातील पहिले सुवर्णपदक मुलींच्या ट्रायथलॉनमध्येच जपानच्या युका सातो हिने मिळविले.

नाव परदेशी असले तरी या खेळाचे तिन्ही घटक करवीरनगरीला परके नाहीत. कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकलेली आणि पंचगंगेच्या घाटावर सूर मारणारी पिढी अजून आपल्यात आहे. पहाटेची दौड तर आपल्या तालमींच्या रक्तातच आहे. याच मातीतील वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी, २००८ साली, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला, आणि २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने कांस्यपदक आणले. अलीकडे तर खुद्द कोल्हापुरात ‘लोहपुरुष’ या नावाने अशा तिहेरी शर्यती भरल्या आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. या खेळाने मुलाच्या अंगी आत्मविश्वास येतो तो कसा? नुसते ‘घाबरू नकोस’ असे सांगून भीती जात नाही. भीती जाते ती अनुभवाने. तरणतलावात पोहताना तळाशी रेघ दिसते, हाताशी भिंत असते. उघड्या तलावात यांतले काहीच नसते. मधून मधून मान वर काढून दूरची खूण शोधावी लागते आणि आपली दिशा आपणच ठरवावी लागते. सायकलवरून उतरून धावू लागताच पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. नवशिक्या मुलाला वाटते, संपले सारे! पण चार-पाचशे पावले नेटाने टाकली की पाय पुन्हा आपले होतात. अवघड वाटणारी घटका टळते, हे ज्ञान ज्याला आपल्याच पायांनी मिळाले, तो परीक्षेच्या दालनात किंवा मुलाखतीच्या खोलीत सहसा गांगरत नाही.

दुसरा गुण स्वावलंबनाचा. या शर्यतीत बाहेरच्या कोणाची मदत घेता येत नाही. शिरस्त्राणाचा पट्टा बांधल्यावाचून सायकल जागेवरून हलविता येत नाही. चाकातील हवा गेली तर ते चाक स्पर्धकानेच बदलावयाचे. ज्याचे दप्तर आई भरते आणि ज्याच्या बुटाचे बंद वडील बांधतात, अशा मुलाला ही शिस्त केवढी मोलाची आहे, हे मी वेगळे सांगावयास नको.

तिसरा गुण न्यायाचा. पोहण्यात मागे पडलेला मुलगा सायकलीवर सावरतो. सायकलीवर दमलेली मुलगी धावण्यात पुढे जाते. एका विषयातील उणेपणाने सारे संपत नाही, हे येथे मुलांना डोळ्यांनी दिसते. शिवाय जिंकणारा एकच असला तरी शर्यत पुरी करणारे पुष्कळ असतात, आणि गेल्या खेपेपेक्षा आपला वेळ दोन मिनिटांनी कमी झाला, हा आनंद शेवटच्या क्रमांकाच्या मुलालाही मिळतो.

यातून मुले आत्मकेंद्री होतील, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर एका प्रसंगात आहे. २०१६ साली मेक्सिकोतील कोझुमेल येथे जॉनी ब्राउनली हा खेळाडू आघाडीवर असताना अखेरच्या काही शे मीटरांत उन्हाने भोवंडून झोकांड्या खाऊ लागला. मागून येणारा त्याचा थोरला भाऊ अ‍ॅलिस्टेअर, जो ऑलिंपिक विजेता होता, त्याने स्वतःची शर्यत बाजूस ठेवून भावाला खांदा दिला आणि अंतिम रेषेपलीकडे आपल्या आधी ढकलले. सहस्पर्धकाने असा आधार देण्यास त्या वेळच्या नियमांत आडकाठी नव्हती. पहिला क्रमांक तिसऱ्याच खेळाडूला गेला. पण जगाच्या स्मरणात राहिले ते हे बंधुप्रेम.

परंतु गुणांइतकेच धोकेही सांगितले पाहिजेत. वाढत्या वयातील हाडे व सांधे नाजूक असतात. मोठ्यांची अंतरे लहानांवर लादू नयेत. आरंभी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून कोणीही तलावात किंवा नदीत उतरू नये. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, रात्री पुरेशी झोप, आणि दूध, भाकरी, कडधान्ये, शेंगदाणे असा घरचा सकस आहार एवढे पुरेसे आहे. आणि पालकांनी काठावर उभे राहून ओरडू नये! मुलाच्या पदकासाठी आपण अधीर झालो की खेळाचे ओझे होते, आणि ओझे कोणालाही फार दिवस आवडत नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. शर्यतीच्या सायकलींच्या किमती ऐकून छाती दडपते. पण आरंभाला घरची साधी सायकल चालते. पुढील मदतीसाठी समाज असतो. खाशाबा जाधव हे याच नगरीतील राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनला त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा कमी पडला, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ साली, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. अशा प्रत्येक पदकामागे कोणाचा तरी विश्वास उभा असतो.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली: आपल्या ज्ञातीतील प्रत्येक मुलाला व मुलीला दहावीपूर्वी पोहता आलेच पाहिजे. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या नगरीला त्याचे कारण सांगावे लागू नये. दुसरी: शिष्यवृत्ती निधीतील काही भाग वेगळा काढून मंडळाने चार-सहा चांगल्या सायकली घ्याव्यात आणि त्या होतकरू मुलांना पाळीपाळीने वापरावयास द्याव्यात. तिसरी: पुढील वर्षीच्या सत्कारात, क्रमांक कोणताही असो, शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला या व्यासपीठावर बोलवावे.

भगिनींना एक वेगळी विनंती आहे. नववी संपली की शिकवणीच्या नावाखाली मुलीचे पोहणे सुटते आणि सायकल भिंतीला लागते. सकाळचा एक तास तिचा तिला राहू द्या. त्या तासाने तिचे गुण कमी होतील असे मला वाटत नाही. तिची मान ताठ होईल, हे मात्र खात्रीने सांगतो.

मागच्या रांगेतील बालमित्रांनो, पुढील वर्षी तुमच्या नावाचा पुकारा ऐकण्यास मी येथे उत्सुकतेने बसेन.