पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर



शाश्वत विकास, हरित तंत्रज्ञान आणि त्यात व्यावसायिक अभियंत्याचे काम, असा विषय मला दिला आहे. विषय जगाएवढा मोठा आहे, पण मी पंचगंगेचे खोरे सोडून फारसा बाहेर जाणार नाही. आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणे अवघड होऊ नये, ही शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने केली. त्यानंतर परिषदा झाल्या, करार झाले. पण या व्याख्येच्या कितीतरी आधी आपल्या भागात एक काम उभे राहिले होते, ते या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. ज्याला सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतो, त्या बंधाऱ्याविषयी मी बोलतो आहे.

त्याची रचना आठवा. नदीच्या पात्रात खडकावर दगडी खांब उभे करायचे. खांबांना उभ्या खाचा ठेवायच्या. पावसाळा सरला, नदीचे पाणी निवळले की त्या खाचांत एकावर एक बरगे सोडायचे. बरग्यांच्या दोन ओळी करायच्या आणि मधल्या पोकळीत माती ठासून भरायची. पाणी तटते आणि तुंबा मागे मैलभर पसरतो. मे महिन्याच्या अखेरीला, पहिला मोठा पाऊस यायच्या आत, बरगे काढून काठावर रचून ठेवायचे आणि नदी मोकळी करायची.

यात किती गोष्टी साधल्या आहेत पाहा. पाणी पात्रातच अडते, त्यामुळे कुणाचे घर किंवा शेत बुडत नाही, गाव उठवावे लागत नाही. गाळ येतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा बंधारा उघडा असतो. म्हणून गाळ साठत न राहता पुढे निघून जातो. मासे विणीच्या वेळी वर चढू शकतात. विजेची गरज नाही, मोटारीची नाही. लागतात ती चार माणसे, दोर आणि वेळेचे भान.

राधानगरीचेही तसेच. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर हे धरण हाती घेतले. पैशाअभावी त्यांच्या हयातीत ते अर्धवट राहिले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. साठा ८.३६ टीएमसी. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले होते, त्याच विचारातले हे काम. रात्री दोन वाजता वीज गेलेली असो, रस्ता बंद असो, दरवाजा कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. पावसाळ्यात कितव्या नंबरचा दरवाजा उघडला हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

आता मी मुद्द्यावर येतो. एवढी चांगली रचना असूनही आज एप्रिलमध्ये तुम्ही तेरवाडच्या किंवा शिरोळच्या बंधाऱ्यावर जाऊन उभे राहा. पाणी हिरवेकाळे दिसते. केंदाळ या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेले असते. मेलेल्या माशांचा खच वर येतो आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. मग वरच्या धरणातून पाणी सोडतात आणि ती घाण पुढच्या बंधाऱ्याकडे ढकलली जाते. पुढच्या गावाचा नंबर लागतो, एवढाच त्यात फरक.

बंधारा बांधणाऱ्या अभियंत्याचे गणित चुकले होते का? नाही. त्याने धरलेली नदी स्वच्छ होती. अडवलेल्या पाण्यात शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि शेतातली खते उतरतील हे त्याच्या आराखड्यात कुठेच नव्हते. ते नंतर आले, आणि आणणारेही अभियंतेच होते. एकाने उपसा सिंचनाची पाइपलाइन टाकली, दुसऱ्याने गटार नाल्याला जोडले, तिसऱ्याने प्रोसेस हाउस उभारले. प्रत्येकाचे काम आपापल्या चौकटीत बरोबर होते, प्रत्येकाला पूर्णत्वाचा दाखला मिळाला. नदी मात्र कुणाच्याच चौकटीत नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपल्या व्यवसायात दोन प्रश्न प्रत्येक नकाशावर, अगदी सही करतो त्याच कोपऱ्यात, लिहिलेले असले पाहिजेत. याच्या खालच्या अंगाला कोण राहतो? आणि पुढची पंचवीस वर्षे हे कोण चालवणार? सोलर पॅनेल, इथेनॉल, विजेवरची बस हे सगळे हवेच आहे. पण या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर उपकरण कितीही हरित असले तरी त्याचे ओझे दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडते.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याकडे आपले फार दुर्लक्ष आहे. बरगे लाकडाचे होते ते कुजले, म्हणून लोखंडी केले. लोखंडाला भंगारात भाव आहे, म्हणून ते चोरीला जाऊ लागले. बरगे कमी पडले की बंधारा गळतो. गळतो म्हणून शेतकरी ते काढू देत नाहीत, वळवाचे पाणी तरी अडेल या आशेने. मग जूनमध्ये नदी अचानक फुगते, बरगे अडकून बसतात, झाडे-ओंडके त्यांवर येऊन तटतात आणि काठ फुटतो. या साखळीत सिमेंट-काँक्रीटचा एकही प्रश्न नाही. आहे तो चालवण्याचा आहे. राधानगरीसारखे धरणही याला अपवाद नाही. २०२१च्या डिसेंबरअखेरीस दुरुस्तीच्या वेळी तिथला सेवा दरवाजा उघडा अडकला आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीला लोंढा आला. आपल्याकडे नव्या कामाचे भूमिपूजन होते. देखभालीचे भूमिपूजन कोण करणार? अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री लागते ती याच सदराला, आणि ते सदर वाचवण्यासाठी भांडणारा अभियंता विरळा.

सांडपाण्याचे तेच. कोल्हापूर शहरात कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटरचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे. कागदावर हे आकडे चांगले आहेत. पण जयंती नाल्यातले पाणी बावड्यापर्यंत पोचायचे तर ते पंपाने उचलावे लागते. पंप बंद पडला, वीज गेली किंवा पाऊस जोराचा झाला, की नाला थेट पंचगंगेत. म्हणजे केंद्र चालू आणि नदी घाण, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. यंत्र बसवणे हे अर्धे काम झाले. ते वर्षातले किती तास चालले याची नोंद ठेवून ती लोकांसमोर मांडणे हा उरलेला अर्धा भाग. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली की त्याची किंमत कोण मोजतो हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

आता खालच्या अंगाचा प्रश्न. शिरोळ तालुक्यात या. बारमाही पाणी मिळाले, ऊस आला, पैसा आला. पाण्याचा निचरा मात्र झाला नाही. काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, क्षार वर आले आणि शेते पांढरी पडली. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने क्षारपड जमीन सुधारण्याचे जे काम उभे केले, ते मला फार मोलाचे वाटते. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे घालायचे, उतार नीट साधायचा, पाणी मुख्य पाइपात आणि तिथून नाल्यात काढायचे. अनेक शेतकऱ्यांनी एकत्र आल्याशिवाय हे होत नाही, कारण पाइप बांध ओळखत नाही. पडीक जमिनीत पुन्हा पीक उभे राहिले. तरीही मी अभियंता म्हणून एक प्रश्न विचारणारच: त्या जमिनीतून धुऊन निघालेले क्षार कुठे जातात? नाल्यातून नदीत. म्हणजे या उत्तम कामालाही खालचे अंग आहे, आणि निचरा जितका आवश्यक, तितकेच मुळात पाणी मोजून देणेही आवश्यक. उसाला ठिबक ही चैन राहिलेली नाही.

महापुराविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पाऊस अभूतपूर्व होता, हे खरे. पण शिरोलीजवळ पूरमैदानातून जाणारा राष्ट्रीय महामार्गाचा भराव पाहा. नदी पावसाळ्यात फक्त पात्रातून वाहत नाही, ती मैदानावरून वाहते. मैदानात आडवा भराव घातला आणि त्याला पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत की वरच्या अंगाला फुगवटा येतो. चिखली, आंबेवाडी ही गावे आधीच सगळ्यांत पहिल्यांदा पाण्याखाली जाणारी. रस्ता कमानींवर उचला, खालून पाणी वाहू द्या, ही मागणी इथल्या लोकांनी लावून धरली. हे शाळेतल्या पुस्तकातले जलशास्त्र आहे. मग ते लोकांना आंदोलन करून का सांगावे लागले?

शहरातही तेच. निळी रेषा आणि लाल रेषा आखलेल्या आहेत. निळी म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भर टाकून इमारत उभी राहते तेव्हा तिथे एखाद्या अभियंत्याची सही असतेच. भर टाकली म्हणून त्या इमारतीत पाणी शिरत नाही. ते शेजारच्या बैठ्या घरात शिरते.

ती सही करायला 'नाही' म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे? डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२चा कायदा आहे. अभियंत्यांच्या नोंदणीचा आणि आचारसंहितेचा असा केंद्रीय कायदा आपल्या देशात आजवर झालेला नाही. १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स व्यावसायिक अभियंता म्हणून प्रमाणपत्र देते, पण ते घेणे ऐच्छिक आहे. एकाने नकार दिला तर मालक दुसऱ्याकडे जातो. या नकाराला कायद्याचे बळ मिळावे असे मला मनापासून वाटते. आणि तोवर स्थानिक संघटनांनी निदान एवढे ठरवावे, की निळ्या रेषेतल्या कामावर आपला सभासद सही करणार नाही.

उद्योगाविषयी थोडे बोलतो, कारण समोर शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली मंडळी बसलेली दिसतात. आपल्या फौंड्रीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. यातला फरक कुठून येतो? इंडक्शन फर्नेसचे झाकण उघडे ठेवले की चौदाशे अंशांवर तापलेल्या धातूची उष्णता सरळ छपराकडे जाते. नमुना घ्यायला झाकण काढले, ते पुन्हा लावायला कुणाला सवड नाही. साच्यात धातू ओतण्याच्या वाटांचे, म्हणजे रनर-रायझरचे, वजन जास्त ठेवले तर तेवढे लोखंड पुन्हा वितळवावे लागते. या दोन गोष्टी सुधारायला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, शॉपवर उभा राहणारा इंजिनिअर लागतो. वाळूचे काम मात्र मोठे आहे. एका टन कास्टिंगमागे चार-पाच टन वाळू फिरते आणि जी पुन्हा वापरता येत नाही ती काळी वाळू रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, ओढ्याकाठी पडते. ती पुन्हा वापरात आणणारे प्लांट एकेकट्याला परवडत नाहीत; चार कारखान्यांनी मिळून चालवले तर परवडतात. इंजिन बनवायला शिकलेल्या या गावाला तेवढे एकत्र येणे जड जाऊ नये.

शेवटी इथे आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. नदीकाठच्या गावांत जलजीवन मिशनमधून माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने आले. फार चांगले झाले. पण त्यातले सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच हजार वस्तीचे गाव घ्या: रोज सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून पंचगंगेत. नळयोजनेच्या नकाशात त्या पाण्याचा मार्ग बहुधा नळापाशीच संपतो. अशा गावाला विजेवर चालणारे मोठे केंद्र नको. स्थिरीकरणाची तळी किंवा कर्दळ, पाणकणीस लावलेले वाफे पुरतील, चालवायला गावातलाच माणूस पुरेल. जागा लागेल आणि उसाच्या पट्ट्यात जागा महाग आहे, हे मी जाणतो. म्हणूनच ग्रामसभेत नेमका आकडा घेऊन गेले पाहिजे. आपल्या गावच्या मुख्य गटाराच्या तोंडाशी पत्र्याची व्ही-आकाराची खाच बसवा, चोवीस तास दर तासाला पाण्याची उंची मोजा, सूत्रात घाला. पत्रा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका दिवसात कापून मिळतो. मोजणी मात्र वळीव सुरू व्हायच्या आत उरकून घ्या, कारण एकदा पावसाचे पाणी गटारात मिसळले की तो आकडा गावाच्या सांडपाण्याचा राहत नाही.