राजीनामा, कर्ज आणि अभ्यासरजा

(परळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



येथून हाकेच्या अंतरावर बी. आय. टी. चाळ आहे. १९३४ साली दादरच्या 'राजगृहा'त राहावयास जाईपर्यंत डॉ. आंबेडकरांचे बिऱ्हाड तेथे होते. त्या खोल्या पाहावयास येणाऱ्यांना बाबासाहेबांच्या परदेशी पदव्यांची यादी तोंडपाठ असते. त्या पदव्यांसाठी पैसा कोठून आला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कार्यकर्त्यांनी तो विचारला पाहिजे, कारण महाविद्यालयीन शिक्षकाला उच्च शिक्षणासाठी परदेशी कोण पाठवणार, या आजच्या वादाचे मूळ त्यातच आहे.

पहिला प्रवास सर्वांना ठाऊक आहे. गिरगावच्या विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी या हुशार विद्यार्थ्याला सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोहोचविले. १९१३ साली बडोदा संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. महाराजांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९१७ मध्ये मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले आणि करार पाळण्यासाठी बडोद्यास गेलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास घर मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली. दहा वर्षांचा करार करून घेणाऱ्या व्यवस्थेला आपल्याच शिष्यवृत्तीधारकाला एक खोली देता आली नाही. करारपत्रात शिक्षकाची बांधिलकी तेवढी लिहिलेली असते, संस्थेची नसते. ही तऱ्हा आजही फारशी बदललेली नाही.

दुसऱ्या प्रवासाची कथा अधिक बोधक आहे, आणि ती कमी सांगितली जाते. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. वर्गात विद्यार्थी मन लावून ऐकत असताना, प्राध्यापकांच्या दालनातील पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांचा आक्षेप होता. म्हणजे परळच्या चाळीत राहणारा एक नोकरदार शिक्षक, आणि लंडनमध्ये त्याचा अभ्यास अपुरा राहिलेला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते अभ्यासरजेचे आदर्श प्रकरण होते! प्रत्यक्षात मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पगारातून काटकसरीने साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या पुंजीवर ते लंडनला गेले. पुढे पैसे संपले म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केलेला डी. एस्सी.चा प्रबंध त्यांच्याजवळ होता. तो मुंबईतच दुरुस्त झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रुपयाच्या प्रश्नावरील तो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

या ज्ञानाचा लाभ कोणाला झाला? पुढे शासकीय विधी महाविद्यालयाला एक अध्यापक आणि नंतर प्राचार्य मिळाला, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, आणि राज्यघटनेचे तर सांगावयासच नको. या परतफेडीसाठी कोणी करारपत्र लिहून घेतले नव्हते. लाभ समाजाने घेतला, कर्ज मात्र एका प्राध्यापकाच्या नावावर राहिले.

आता आजच्या नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अभ्यासरजेची तरतूद आहे. परंतु ती कायम, पूर्णवेळ शिक्षकासाठी, तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर आणि परतल्यावर किमान तीन वर्षे सेवा करण्याच्या हमीवर. महाराष्ट्रात महाविद्यालयांचे वर्ग ज्यांच्या जिवावर चालतात त्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना रजाच नाही, मग अभ्यासरजा कोठली? तास घेतला तर पैसे, न घेतला तर नाहीत. गिरणीतल्या बदली कामगाराची स्थिती याहून वेगळी नव्हती. फरक इतकाच की बदली कामगार पाळीला गिरणीच्या दारात उभा राहत असे आणि हा प्राध्यापक दर जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात उभा राहतो.

दुसरीकडे केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी साऱ्या देशात मिळून जागा १२५, वयाची अट पस्तिशीच्या आतली आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत. साहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता धरला की तो ही मर्यादा ओलांडतो. म्हणजे ज्याला रजा मिळू शकते तो उत्पन्नाच्या अटीत अडतो, आणि जो उत्पन्नाच्या अटीत बसतो त्याला रजा नाही. हे कोणी ठरवून केले असेल असे नव्हे, पण दोन्ही फाटके एकाच माणसासमोर बंद होतात.

त्यावर कळस २०२२ साली झाला. या शिष्यवृत्तीच्या नियमावलीत असे कलम घालण्यात आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. समर्थन असे की या विषयांची साधने भारतातच आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याचे प्रयोजन काय? हे म्हणणे वरवर पटण्याजोगे वाटते. परंतु १९१६ साली कोलंबियात वाचलेला भारतातील जातींवरील निबंध आठवा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध आठवा. विषय भारताचा होता म्हणूनच तो भारतातील वरिष्ठांच्या नजरेबाहेर, अन्य ग्रंथालयांत आणि अन्य गुरूंसमोर तपासून पाहणे अगत्याचे होते. दलित शिक्षकाने अभियांत्रिकी शिकावी, जातीचा अभ्यास तेवढा करू नये, असाच या कलमाचा व्यवहारात अर्थ होतो.

तेव्हा तीन मागण्या पुढे न्यावयाच्या आहेत. सलग तीन वर्षे शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला, मग तो तासिका तत्त्वावर का असेना, वेतनासह अभ्यासरजा मिळावी. शिक्षकांच्या शिष्यवृत्तीस उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा लावू नये. आणि २०२२ चे कलम रद्द व्हावे. केवळ निवेदने देऊन हे होणार नाही, त्यासाठी हातात आकडे हवेत. म्हणून येत्या महिन्यात कार्यकर्त्यांनी परळच्या महर्षी दयानंद, दादरच्या कीर्ती आणि गिरगावच्या विल्सन महाविद्यालयांत जावे. तासिका तत्त्वावर किती जण शिकवितात, आणि गेल्या दहा वर्षांत अभ्यासरजेवर किती जण परदेशी गेले, हे दोनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून आणावीत.