छे, असं नव्हतं!

मंडळी, बंगळुरूच्या कोरमंगलेत उभं राहून यंत्राची थोरवी मी सांगू नये. २००७ साली याच भागातल्या एका फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू झाली. चित्रं काढणारी संगणकप्रणाली लिहिणारी दोन-चार मंडळी आज समोरही बसली असतील. मला बोलायचंय ते त्यांच्या आई-वडिलांबद्दल, म्हणजे पुण्याहून, सांगलीहून, बेळगावहून मुलांकडे राहायला आलेल्यांबद्दल.

२०२५च्या सप्टेंबरात यंत्राला आपला फोटो देऊन जुन्या सिनेमातल्यासारखी साडी नेसवून घ्यायची लाट आली होती. कुणी स्वतःच्याच बालपणाला मिठी मारतानाचे फोटो करून घेतले. ती हौस झाली. तिच्याशी माझं भांडण नाही. पण ज्या प्रसंगाचा फोटो कधी निघालाच नाही, किंवा होता तो गेला, त्याचं चित्र यंत्राकडून करून घ्यावं का?

माझ्या परिचयाच्या एक आजी सहाव्या ब्लॉकमध्ये राहतात. माहेर पुण्याच्या नारायण पेठेतलं, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. त्या पुरात पेठेतल्या कितीतरी घरांचे अल्बम गेले, तसा यांचाही गेला. नातवानं एका रविवारी संगणकावर लिहिलं: पुण्यातला जुना वाडा, चौक, सकाळ, नऊवारीतली बाई. काही सेकंदांत चित्र हजर! राजस्थानी झरोके, दाराला झेंडूच्या जाडजूड माळा, बाईच्या भांगात बिंदी आणि नऊवारीला कासोटाच नाही. आजी म्हणाल्या, "हे कुणाचं लग्न आहे रे?"

आणि मग म्हणाल्या, "छे, असं नव्हतं!"

तिथून पुढं तास-दीड तास त्या बोलत होत्या. चौकात शहाबादी फरशी, मोरीजवळची एक फुटलेली, तिथं पाणी साचायचं. कोपऱ्यात बंब. नातवानं लिहिलं, पाणी तापवायचं तांब्याचं भांडं. यंत्रानं रशियन समोवार काढून दिला. "अरे, मधे नळी असते, तिच्यात ढलप्या घालायच्या, बाजूला पितळेची तोटी." ढलप्या कुठून यायच्या? लाकडाच्या वखारीतून. आणायचं काम आजींकडे. हे सांगता सांगता त्या वखारवाल्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं. घरात ते कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

यंत्राला बंब का येत नाही? कारण ते इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांच्याखालच्या ओळींवर शिकतं. २०२२मध्ये खुल्या झालेल्या लायन-५बी या एकाच संग्रहात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यात भाडेकरूच्या मोरीचे फोटो किती असतील? कॅमेरा निघायचा मुंजीला आणि लग्नाला. बंबाचा फोटो काढायला कुणी फिल्म खर्ची घातली? जे मुळात टिपलं गेलं नाही, तिथं यंत्र जे फार वेळा दिसलं ते भरतं, म्हणजे झरोका, झेंडू.

मराठी माणसाला हे नवं नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ला मुंबईत निघाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील तसबिरी घरोघर पोहोचल्या, आणि लक्ष्मी-सरस्वतीला एक चेहरा मिळाला. डोळे मिटून दुसरी लक्ष्मी आणून बघा. मला जमत नाही.

चित्र नीट साधलं, की ते आठवणीच्या जागी जाऊन बसतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे, दर वेळी ती नव्यानं रचली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२मध्येच मांडलं. २००२मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस जणांना त्यांच्याच लहानपणीचे फोटो दाखवले. त्यात एक बनावट होता, गरम हवेच्या फुग्यातल्या सफरीचा. तीन मुलाखतींअखेर निम्म्या लोकांना ती न झालेली सफर थोडीबहुत 'आठवू' लागली होती. तेव्हा असा फोटो कुणीतरी बसून जुळवावा लागे. आता सहावीतली पोरं करतात. एमआयटीच्या २०२४च्या अभ्यासात, यंत्रानं बदललेल्या चित्रांचे यंत्रानंच व्हिडिओ केले, तेव्हा खोट्या आठवणी दुपटीनं वाढल्या.

बार्सिलोनातला डोमेस्टिक डेटा स्ट्रीमर्स हा गट वृद्धांशी आणि स्थलांतरितांशी बोलून अशी चित्रं करतो. त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो: जुन्या, कच्च्या प्रणालींची धूसर चित्रं लोकांना जवळची वाटतात, नव्या प्रणालींची चकचकीत चित्रं तेवढी नाहीत. धूसर चित्रात ज्याची आठवण आहे त्याला शिरायला जागा राहते, असं मला वाटतं. आपल्या बंगळुरूतले अभियंते चित्र अधिक हुबेहूब करण्यासाठी रात्री जागवतात. माझी विनंती उलटी आहे. एक बटण चित्र बिघडवण्याचंही ठेवा!

कोरमंगलेचंच घ्या. १९९७च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी नॅशनल गेम्स व्हिलेज उभं राहिलं, त्याच्या आधीचा हा भाग आठवणारे अजून आहेत. यंत्राला सांगा, ते कमळांचं तळं काढून देईल. मोठा पाऊस झाला की चौथ्या ब्लॉकमध्ये पाणी शिरतं, कारण ही मुळात बेळंदूरकडं उतरणारी खोलगट जमीन. ओढा कुठून वाहायचा, हे इथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. तेही आधी चुकीचं चित्र दाखवून विचारा, म्हणजे चिडून सांगतील.

कारण माझ्या मते या साऱ्या खटाटोपात ठेवण्याजोगं चित्र नाहीच. 'छे, असं नव्हतं' याच्यापुढं जे येतं, ते ठेवायचं. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करा, मगच चित्र काढायला बसा. आठवणाऱ्याला बोलू द्या. चित्र ठेवलंत तर ते यंत्राचं आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं, हे त्यावरच लिहा, नाहीतर पणतू ते खरा फोटो समजून फ्रेम करील. आणि ज्याला आठवायचं नाही, त्याच्यापुढं स्क्रीन धरू नका. पूर सगळ्यांनाच पुन्हा बघायचा नसतो.

आजींचा धाकटा भाऊ पुण्यातच असतो. त्याला फोनवर चित्र पाठवलं, तर तो म्हणाला, जिना चौकाच्या डाव्या हाताला होता. आजी म्हणतात, उजव्या. नातवानं दोन्ही चित्रं करून ठेवली आहेत, दोघांच्या आवाजासकट. वाडा पडून तिथं आता सोसायटी आहे, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर जिने दाखवत नाहीत.