परमुलखातला वाढदिवस



आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांना त्यांची जन्मतारीख विचारून पाहा. त्यांतले कितीतरी जण १ जून अशीच सांगतील. ही तारीख सटवाईने लिहिलेली नव्हे, गुरुजींनी लिहिलेली! जूनमध्ये शाळा भरायची. पोर दारात उभं, आणि बापाला आठवतंय ते एवढंच की, हा झाला तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. मग गुरुजी अदमासाने साल धरीत आणि पुढे १ जून टाकून मोकळे होत. ज्यांना आपला खरा दिवस ठाऊक नाही, ते वाढदिवस कसला करणार?

आता दिवस पालटले. जन्माची नोंद वेळेवर होते, आणि मुलांचे वाढदिवसही घरोघरी होतात. आमच्या मलकापुरात काय किंवा शेजारच्या कराडात काय, मुलगा शिकायला जर्मनीला गेला, मुलगी इंग्लंडला गेली, ही बातमी आता नवलाची राहिलेली नाही. कुणी त्यासाठी बँकेचं कर्ज काढतं, कुणी जमीन गहाण टाकतं. पोर विमानात बसतं, आणि वर्षाच्या आत एक दिवस असा येतो की आई देवापाशी दिवा लावते आणि ओवाळायला समोर कुणी नसतं. तिकडे ते पोर एका लहानशा खोलीत बसलेलं असतं. आज आपला वाढदिवस आहे, हे तिथं कुणाला माहीतही नसतं. त्या दिवसाबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

याबाबतीत आपल्याला एक फार जुना दाखला आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. अठरा वर्षं पुरी झाली आणि पुढच्याच आठवड्यात, ७ एप्रिल १८८३ रोजी, त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एकोणीस, वीस आणि एकवीस वर्षं त्यांनी अमेरिकेतच पुरी केली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली, तेव्हा एकविसावं वर्षही भरलेलं नव्हतं. अंगावर लुगडं, पोटात शाकाहार आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. अशा ठिकाणी ही एकटी मुलगी टिकली कशी?

ती टिकली, कारण तिला तिथं एक मावशी मिळाली. न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या त्या बाई. एका मासिकात आनंदीबाईंच्या शिक्षणाविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी आपण होऊन हिंदुस्थानात पत्र धाडलं. नातं नाही, गोतं नाही, भाषा नाही, धर्म नाही. पत्रांतूनच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढे अमेरिकेत उतरल्यावर पहिले काही महिने त्या ह्याच मावशीच्या घरी राहिल्या. आणि त्या नुसत्या पाहुणीसारख्या बसून राहिल्या नाहीत बरं का! स्वतः रांधून त्यांनी तिथल्या मंडळींना आपल्या पद्धतीचं जेवण वाढलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे. परक्या ठिकाणी माणसं जोडायची तर आपणच वाढपी व्हावं लागतं. जर्मनीत तर रीतच अशी आहे की, ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणून सोबत्यांना खिलवायचा. आपल्या पोरांना ही रीत परकी वाटायचं कारण नाही. आपल्या शाळांत मूल नवा सदरा घालून येतं आणि वर्गभर गोळ्या वाटतं, ते दुसरं काय असतं? कोरियात वाढदिवसाला समुद्रातल्या शेवाळाचं सूप पितात. तिकडे बाळंतिणीला तेच देतात, म्हणून वाढदिवशी ते पिताना आईची आठवण निघते. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू असतात. आपल्या जुन्या घरांत वाढदिवशी तीळ आणि गूळ घातलेलं दूध देतात आणि सात चिरंजीवांचं स्मरण करतात. आपल्या मुलीने तिकडे कोरियाच्या मैत्रिणीला हे सांगावं आणि तिचं ऐकावं. चार देशांची चार पोरं एका खोलीत बसून पिठलं-भात खातील, तर तो वाढदिवस थाटाच्या हॉटेलातल्या वाढदिवसापेक्षा उणा ठरणार नाही. कर्जाच्या पैशाने थाट कशाला?

तेव्हा पालकांनो, पोराला निरोप देताना बॅगेत लोणच्याची बरणी ठेवा, पण त्याच्या हाताला चार पदार्थांची सवयही लावा. वाढदिवशी फोन कराल, तेव्हा तिकडचं घड्याळ बघा. आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची रात्र असते. आणि फोनवर डोळ्यांतून पाणी काढू नका. "आज कुणाला जेवायला घातलंस?" असं विचारा. त्या एका प्रश्नाने पोराला दिशा मिळेल.

गुरुजनहो, आता थोडं आपल्या दारातलं. आमच्या मलकापुरात १९८४ पासून वैद्यक महाविद्यालय आहे. तिथं लांबलांबच्या जिल्ह्यांतली, परप्रांतांतलीही मुलं-मुली शिकायला येतात. त्यांना आपलं कराड-मलकापूर हाच परमुलूख! रस्त्यात आपण त्यांना रोज पाहतो, भाड्याने खोल्याही देतो. भाड्याची तारीख आपल्याला पाठ असते. त्यांच्या वाढदिवसाची तारीख आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? त्या दिवशी त्या पोरीला घरात बोलावून पाटावर बसवलं, कुंकू लावून ओवाळलं आणि ताटात पुरणाची पोळी वाढली, तर आपलं काय वेचणार आहे? तिकडे तिची आई मात्र त्या रात्री निवांत झोपेल.

आनंदीबाई आजारी होऊनच मायदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता, तो त्यांनी पाहिला नाही. त्यांची रक्षा समुद्रापार कार्पेंटरबाईंकडे गेली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या स्वतःच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ती समाधी तिथं आजही आहे. परक्याच्या लेकीला घरच्या माणसांत जागा देणं म्हणजे काय, हे त्या मावशीने दाखवलं.

आपलं पोर परदेशी गेलं, की त्याला तिथं एखादी मावशी भेटावी असं आपल्याला वाटतं. तसंच इथं आलेल्या पोरांच्या आयांनाही वाटत असतं. श्रोतेहो, त्यांची मावशी आपण व्हायचं आहे.